हाताची घडी

गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याला कसं उभं करायचं, हे फोटोवाल्याचं ठरलेलं असायचं. बाई असेल तर खांदे तिरके, मान एका बाजूला किंचित कललेली, हनुवटीखाली दोन बोटं. पुरुष असेल तर पाय अंतरावर, मान ताठ, छातीवर हाताची घडी. उजेडसुद्धा वेगळा. बाईला समोरून, पांढऱ्या छत्रीतून गाळून घेतलेला. पुरुषाला बाजूनं, उघडा, म्हणजे जबडा उठून दिसतो.

"साहेब, जरा छाती. श्वास घ्या. घ्या हो, फुकट आहे," असं म्हणून तो माणसाला हसवायचा आणि हसू ओठांवर पुरतं यायच्या आत बटण दाबायचा. पुरुषांचे दात दिसलेले त्याला आवडत नसत. एखाद्यानं डोळ्यांखालच्या सुरकुत्यांबद्दल विचारलंच, तर म्हणायचा, "पुरुषाला सुरकुती शोभते. बायकांच्या सुरकुत्या आमच्या मॅडम काढतात." आणि अंगठा मागच्या पडद्याकडे.

पडद्यामागे त्याची बायको बसायची. एक कॉम्प्युटर, एक खुर्ची, टेबलाखाली मुलांच्या चपला, दप्तर, अर्धवट खाऊन टाकलेलं सफरचंद. गिऱ्हाइकांसमोर ती त्याला अहो म्हणायची, पडद्याच्या आत अरे. लोकांच्या तोंडावरचे फोड, विस्कटलेले केस, मिटलेले डोळे, सगळं तिच्या हातून जायचं. मिटलेले डोळे उघडण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका फोटोतले डोळे काढून दुसऱ्या फोटोतल्या चेहऱ्यावर ती असे बसवायची, की ज्याचे डोळे त्यालाही पत्ता लागू नये. या कामाला तिची अशी वेळ नव्हती. धाकटी झोपली की बसायचं, ती उठली की उठायचं. मधल्या वेळात जेवढी माणसं सुंदर होतील तेवढी होतील.

थोरला नऊ वर्षांचा. शाळेतून आला की फोटोसाठी ठेवलेल्या गोल स्टुलावर बसून तो गरगर फिरायचा, दोन्ही हात पसरून, बोटं पूर्ण उघडून. म्हणून तिनं त्याला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. बाप चॅम्पियन म्हणायचा. कशातला, ते कुणी विचारलं नव्हतं.

या मुलाचा आधी हात बोलायचा. मनगट वळायचं, बोटं एकेक करून उमलायची, आणि मग शब्द यायचे. "आई, आज ना," म्हणेपर्यंत अर्धी गोष्ट हातानं सांगून झालेली असायची. तो तान्हा होता तेव्हापासून ती हे बघत आली होती. दूध पितानाही एक हात वर हवेत फिरत राहायचा, जणू कुणाला काहीतरी नीट समजावून देतोय. तिला त्या हाताचं वेड होतं. बापाला त्याची धास्ती.

"हात खाली," तो म्हणायचा. रागावून नाही. जेवताना, रस्त्यानं चालताना, शटर ओढताना, अगदी सवयीनं, जसं कुणी जाता जाता 'दार लाव' म्हणावं. "चॅम्पियन, हात खाली."

वर्षातून एकदा, कामाची घाई कमी असली की, ते चौघं स्वतःचा फोटो काढायचे. बाहेरच्या काचेच्या शोकेसमध्ये मधोमध लावायला. फोटोवाल्याचंच कुटुंब धड दिसलं नाही तर लोक आत कशाला येतील, असं त्याचं म्हणणं.

त्या वर्षी नाकी नऊ आले. चार वर्षांची छकुली सोफ्यावर दोन्ही पाय फाकून, सुट्टीवर आलेल्या हवालदारासारखी बसली. "छकुली, पाय जुळव," बाप म्हणाला की ती जुळवायची, आणि तो टायमर लावायला वळला की पुन्हा फाकवायची. थोरल्याला हाताची घडी घालून उभं केलं. तो घालायचाही. पण बहिणीकडे बघून त्याला काहीतरी आठवायचं, आणि सांगायचं म्हटलं की घडीतून हात सुटायचा. बाप कॅमेऱ्यापासून सोफ्यापर्यंत पळून पळून घामाघूम झाला. एका फोटोत छकुलीचे डोळे मिटलेले, एकात तिची जीभ बाहेर, एकात त्याचा स्वतःचाच चेहरा भाजीवाल्याशी भांडताना असतो तसा.

चौघंही नीट आलेला फोटो एकच निघाला. त्यात मुलगा बहिणीकडे वाकून काहीतरी सांगत होता. मान कललेली, उजवा हात छातीसमोर अधांतरी, बोटं उघडलेली, आणि तोंडभर हसू.

पडद्यामागे दोघं स्क्रीनसमोर उभे राहिले.

"हाच घेऊ," ती म्हणाली. "किती गोड आलाय."

"घे. तेवढा हात बदल."

"बदल म्हणजे?"

"बदल म्हणजे बदल. रोज लोकांचे डोळे बदलतेस, आज मला अर्थ विचारतेस? हाताची घडी बसव. मानही जरा सरळ कर."

"अरे, पण तो त्याचा हात आहे."

"आणि त्या लोकांचे डोळे काय माझ्या मावशीचे असतात?"

"नऊ वर्षांचा आहे तो."

"नऊचा आहे म्हणून गोड आहे. सोळाचा झाला की गोड म्हणणार नाहीत, दुसरं काहीतरी म्हणतील." मग त्यानं आवाज उतरवला. मुलगा पलीकडे स्टुलावर फिरत होता. "मी जिथं काम शिकलो तिथं एक होता असा. माझ्यापेक्षा चांगली नजर होती त्याची. शेवटपर्यंत कुणी त्याच्या हातात कॅमेरा दिला नाही. फरशी पुसायचा, आणि येणारे-जाणारे त्याच्यासमोर त्याच्याच नकला करायचे. मी काय मारतोय का पोराला? फोटोतच तर करायचंय."

यावर तिला बोलता आलं असतं. पण तिच्या डोक्यात आधीच एक वाक्य अडकलं होतं. काही दिवसांपूर्वी शेजारची बेकरीवाली दुकानात आली होती. मुलगा तिला शाळेतली गंमत सांगत होता, हात भरून. ती कौतुकानं ऐकत राहिली आणि तो आत गेल्यावर हसत म्हणाली, "हा काही सून आणायचा नाही हो तुमच्याकडे. हाच कुणाची तरी सून होऊन जाईल." आणि मुलाची आईही तिच्याबरोबर हसली. मोठ्यानं, लगेच. हसून झालं तरी ते वाक्य काही गेलं नव्हतं.

म्हणून ती बसली. छकुली झोपलेली होती.

हात शोधायला लांब जावं लागलं नाही. त्याच बेकरीवालीचा मुलगा कराटेच्या स्पर्धेसाठी फोटो काढून गेला होता. तेवढंच वय, तशीच अंगकाठी, शाळेचा तसाच पांढरा शर्ट, आणि छातीवर घडी, डावा हात वर. तिनं गळ्याखालचं सगळं त्याचं घेतलं. कॉलरची सावली जुळवली, कातडीचा रंग जुळवला, मान बेतानं सरळ केली. तिच्या मुलाचं तोंड तेवढं त्याचं स्वतःचं राहिलं. तोंड आणि हसू. काम इतकं साफ झालं की खुर्ची मागे सरकवून बघताना तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. पुढं तिला सगळ्यात जास्त हेच टोचत राहिलं.

फोटो शोकेसमध्ये लागला. दोन-चार दिवसांनी ती बाहेरून काच पुसत होती, तेव्हा मुलगा शाळेतून आला आणि दप्तर पाठीवर घेऊनच फोटोसमोर उभा राहिला.

"आई, हा हात कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? तुझाच."

"माझ्या हाताला असं नाहीये."

त्यानं काचेवर बोट ठेवलं. डाव्या मनगटावर एक फिकट पट्टा होता. उन्हात घड्याळ घालून हिंडणाऱ्या मुलांना असतो तसा, पट्ट्याखालची जागा. फोटोपुरतं घड्याळ काढून ठेवलेलं. तिच्या मुलाकडे घड्याळच नव्हतं. लोकांच्या नाकावरचा तीळ दुरून टिपणारी बाई ती, आणि एवढा पट्टा तिच्या नजरेतून निसटला होता.

"बेकरीवाल्या काकूंच्या मुलाचा आहे ना? त्याच्याकडे घड्याळ आहे."

तिनं फडकं पिळलं. ते कोरडंच होतं. "तुझा हात हलला होता ना रे. म्हणून."

"हललेलं धुरकट दिसतं. माझा नीट दिसत होता. मी बघितला होता कॅमेऱ्यात."

पडद्यामागं वाढलेलं पोर ते. त्याला काय थाप मारणार?

"मग माझा खराब होता?"

नाही, म्हणायचं होतं. एवढा एकच शब्द. पण नवरा दारात एका गिऱ्हाइकाशी बोलत उभा होता, रस्त्यानं लोक जात होते, आणि तिला वाटलं, हे घरी गेल्यावर नीट बोलू, निवांत.

"फोटोपुरतंच आहे रे, राजा," ती म्हणाली.

"हं," तो म्हणाला आणि त्यानं हात खिशात घातला.

घरी गेल्यावर छकुलीला ताप भरला. निवांत काही ते बोलणं झालं नाही.

हात मग खिशातच राहायला लागला. खिसा नसला तर काखेत. जेवताना डावा हात तो मांडीखाली दाबून बसायचा. स्टुलावर फिरणं थांबलं. छकुलीनं हट्ट केला तर तिला बसवून एका पायानं ढकलायचा, उगाच, वरवर. आणि हात गप्प झाला तशा गोष्टीही गप्प झाल्या. "आज काय झालं शाळेत?" "काही नाही." "काहीतरी झालं असेल की." "नाही ना आई."

खोटं कशाला बोला, सुरुवातीला तिलाही हायसं वाटलं. 'हात खाली' म्हणायची वेळ येईना, त्यामुळे घरात एक कटकट कमी झाली. बेकरीवाली म्हणाली, "सुधारला हो तुमचा," आणि तिनं मान डोलावली. वाढदिवसाला काय हवं विचारल्यावर मुलगा म्हणाला, घड्याळ. बाप इतका खूश झाला की त्याच संध्याकाळी घेऊन आला, काळ्या पट्ट्याचं. "बघ," बायकोला म्हणाला, "आपणहून मागितलं. मुलं होतात नीट. तू उगाच जीवाला लावून घेतेस." मुलगा ते घड्याळ झोपतानाही काढेना. सुट्टीच्या दिवशी भर उन्हात मैदानावर जाऊन बसायचा. कुणाबरोबर खेळतोस विचारलं तर म्हणायचा, "बसतो नुसता." तिनं टोपी घालायला सांगितली. यापलीकडे तिच्या काही लक्षात आलं नाही.

मग एकदा तो वर्गाचा फोटो घेऊन पडद्यामागं आला. शाळेनं दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घेतलेला, जुनाच. मागच्या रांगेत तो होता, शेजारच्या मुलाच्या कानात काही सांगताना, हात वर.

"आई, यातला माझा हात काढशील? तुला येतं ना."

"कशाला रे? छान आहे की."

त्यानं जरा विचार केला. तिचं काम वाढू नये म्हणून सोपी वाट सुचवावी तसा म्हणाला, "नाहीतर मला आख्खाच काढ. एक कमी दिसेल फक्त. मागची रांग आहे, कळणार नाही."

तो गेल्यावर ती बराच वेळ काळ्या पडलेल्या स्क्रीनसमोर बसून राहिली. छकुली उठून रडायला लागली तरी तिला ऐकू आलं नाही.

मूळ फोटो ती कधी पुसत नसे. नवरा बाहेर कामाला गेला होता त्या दुपारी तिनं तो शोधून काढला, शोकेसच्या मापाचा छापला, आणि जुना उतरवून त्या जागी लावला. बाहेर जाऊन बघितलं. उन्हात काच चकाकत होती आणि मधोमध तिचा मुलगा होता, मान कललेली, हात अधांतरी, बोटं उघडलेली. वाक्य अर्ध्यावर होतं त्याचं. तिला वाटलं, आता पुढचं ऐकू येईल. नवरा आला की काय बोलायचं तेही तिनं जुळवून ठेवलं होतं. तिची तयारी झाली होती.

नवऱ्याआधी मुलगा आला. शाळा सुटली होती, मागून पोरांचा घोळका येत होता. त्यानं फोटो बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. तो वळला, काचेला पाठ लावून उभा राहिला आणि दप्तरासकट जेवढं झाकता येईल तेवढं झाकायला लागला. टाचा उंचावून.

"आई, काढ."

"अरे, बघ तरी. किती छान आहेस तू यात."

"काढ ना. सगळे येतायत मागून."

"येऊ देत. काय झालं आले तर?"

"तूच म्हणालीस खराब आहे म्हणून."

"मी असं म्हणाले नव्हते, राजा."

"म्हणाली नाहीस," तो म्हणाला. "केलंस."

पोरं कोपऱ्यावर आली होती. त्याच्या टाचा थरथरत होत्या. तिनं आत जाऊन फोटो काढला, गुंडाळी केली, जुना परत लावला. मुलगा काचेपासून हलला तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. पोरं दंगा करत निघून गेली, एकानंही शोकेसकडे बघितलं नाही.

आत आल्यावर तिनं त्याला जवळ घेतलं. "माझं चुकलं रे."

"असू दे," तो म्हणाला, मोठ्या माणसांसारखा, आणि तिच्या मिठीत ताठ उभा राहिला. त्याचा श्वास तेवढा जोरात चालला होता.

नवऱ्याला यातलं काही कळलं नाही. त्याच्यासाठी जुळवून ठेवलेली वाक्यं तिच्याकडेच राहिली. एकेक करून विसरली.

पुढच्या वर्षी पुन्हा चौघं फोटोला उभे राहिले. तोच सोफा, तोच मागचा निळा पडदा. बापानं टायमर लावायच्या आधी मुलानं घड्याळ काढलं आणि खुर्चीवर ठेवलं.

"असू दे की, छान दिसतं," बाप म्हणाला.

"नको. फोटोत काढतात," मुलगा म्हणाला.

त्यानं पाय अंतरावर ठेवले, मान ताठ केली आणि हाताची घडी घातली. डावा हात वर. शोकेसमधल्या फोटोत आहे तस्साच, दंडावर बोटं टेकवण्याची ती ढबसुद्धा. आणि त्या मनगटावर, महिनोन्महिने उन्हात बसून कमावलेला, फिकट पट्टा.

तिला तो दिसला. सोफ्यावर बसल्या जागी दिसला, वळून. पण बाप तोवर कॅमेऱ्याकडे गेला होता आणि छकुलीचे पाय पुन्हा हवालदारासारखे झाले होते.

मुलगा बहिणीकडे वाकला. हात सुटला नाही. मान तेवढी खाली घेऊन, समजुतीनं, हळू आवाजात म्हणाला, "छकुले, पाय जुळव ना. नाहीतर आईला नंतर काम पडतं."

छकुलीनं त्याच्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि पाय जुळवले. जुळलेलेच ठेवले.

पहिल्याच खेपेला फोटो आला. "एका शॉटमध्ये," बाप म्हणाला. इतका खूश होता, की त्यानं मुलाच्या पाठीवर थाप मारली. "चॅम्पियन."

मुलगा हसला. दात न दाखवता.

ती पडद्यामागं जाऊन बसली. फोटो उघडला, मोठा केला, अजून मोठा केला. चौघांचे डोळे उघडे होते. केस जागेवर होते, माना सरळ होत्या, मुलीचे गुडघे एकमेकांना टेकलेले. पट्टा पुसायला तिला क्षणही लागला नसता. तिनं माउसवर हात ठेवला आणि काढून घेतला. हा पट्टा आता कुणाकडून आणलेला नव्हता.

"झालं का?" पडद्यापलीकडून नवऱ्यानं विचारलं. "काही करायचं आहे का त्यात?"

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."